गोरखचिंच : घरच्या कुंडीत, बियांपासून

(मराठवाड्यातून अभ्याससहलीसाठी हैदराबाद येथे आलेले शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)

आज सकाळी गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात आपण जे प्रचंड झाड पाहिले, त्याविषयी चार शब्द सांगावेत अशी सूचना आपल्यापैकीच काही शिक्षकांनी केली. झाड पाहून परत येताना एका वयस्क शेतकरी बंधूंनी मला विचारले, "साहेब, हे आमच्या गावाला लावता येईल काय?" येईल, असे मी त्यांना सांगितले. परंतु ते कोणत्या मार्गाने आणावयाचे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि आजचे माझे बोलणे मुख्यत्वेकरून त्याविषयी आहे.

हैदराबादचे लोक या झाडाला 'हत्तियाँ का झाड' म्हणतात. नाव समर्पक आहे. राखाडी, सुरकुतलेली, जागोजागी घड्या पडलेली ती साल आणि बुंध्याचा तो अजस्र आकार पाहिला की, हत्तीच अंग चोरून उभा आहे असे वाटते. बुंध्याचा घेर सुमारे २७ मीटर, म्हणजे जवळजवळ ९० फूट सांगितला जातो. वर चढून गेल्यास आत एक पोकळी आहे, आणि तिच्यात चाळीस चोर लपत असत ही कथा येथील प्रत्येक वाटाड्या सांगतो. ती मनोरंजनापुरती घ्यावी. त्या सालीवर मात्र पुष्कळ हौशी लोकांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. आपण सहलीला मुले आणाल तेव्हा ही नावे त्यांना अवश्य दाखवा, आणि कोरणाऱ्यांविषयी आपले मत काय ते त्यांच्याकडूनच वदवून घ्या.

मराठीत या झाडाला गोरखचिंच म्हणतात. गोरखनाथ याच्या छायेत बसून शिष्यांना उपदेश करीत, अशी परंपरा आहे. शास्त्रीय नाव अ‍ॅडनसोनिया डिजिटाटा, आणि इंग्रजी पुस्तकांत ते बाओबाब म्हणून आढळते. अ‍ॅडनसन हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १७४९ ते १७५४ या काळात आफ्रिकेतील सेनेगल येथे राहिला होता व त्याने या झाडाचा अभ्यास केला. त्याचे नाव पुढे झाडाला मिळाले. 'डिजिटाटा' म्हणजे हाताच्या बोटांप्रमाणे पाने असलेले. आपल्याकडील काटेसावरीचे पान ज्यांनी पाहिले असेल, त्यांना गोरखचिंचेचे पान ओळखणे अवघड जाणार नाही, कारण दोन्ही वृक्ष जवळचे नातलग आहेत. आपल्या नेहमीच्या चिंचेशी मात्र तिचे कोणतेही नाते नाही. फळातील गर आंबट असतो, एवढ्यावरून लोकांनी तिला चिंच केले. गावोगावी कुंपणाला दिसणारी, मुले जिची गोड बोंडे खातात ती विलायती चिंच, तीही वेगळीच. नावांचा हा गोंधळ येथेच थांबत नाही. उत्तर प्रदेशात किंतूर गावच्या गोरखचिंचेला लोक पारिजात म्हणून पूजतात, आणि मध्य प्रदेशात मांडूच्या किल्ल्यात तिलाच खुरासानी इमली म्हणतात. ती खुरासानची नाही, आणि इमलीही नाही.

तिचे मूळ घर आफ्रिका. भारतात ती केव्हा आली, याविषयी बरेच तर्क केले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक अभ्यासात असे दिसून आले की, ती एकाच वेळी व एकाच ठिकाणाहून आलेली नसून निरनिराळ्या काळांत, आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आली. २०२० साली किंतूर व प्रयागराजजवळील झुंसी येथील झाडांचे रेडिओकार्बन पद्धतीने वय काढण्यात आले, ते साडेसातशे ते आठशे वर्षांच्या घरात निघाले. गोवळकोंड्याचे झाड आरबी व्यापाऱ्यांनी कुत्बशाही सुलतानाला भेट म्हणून आणून दिले, असे येथे सांगतात. व्यापारी तर आलेच, परंतु मला त्यांच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या माणसांचे अधिक स्मरण होते. दक्षिणेच्या सुलतानांच्या पदरी हबशी सैनिक व सरदार होते. आपल्या मराठवाड्यातील खडकी, जिचे पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर झाले, ते गाव वसविणारा मलिक अंबर हबशीच होता. हैदराबादेत आजही हबशीगुडा नावाची वस्ती आहे, आणि निजामाच्या आफ्रिकी घोडदळाच्या नावाने ओळखला जाणारा ए. सी. गार्ड्‌स हा भागही आहे. आफ्रिकेतून हजारो मैल दूर आणल्या गेलेल्या या माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटा आणि भारतातील जुन्या गोरखचिंचांची ठिकाणे पुष्कळ अंशी जुळतात. मूठभर बिया गाठीला बांधून आणणे कोणालाही शक्य होते. बी आकाराने लहान, टणक आणि वर्षानुवर्षे टिकणारे असते.

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. १६७७ साली छत्रपती शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला जाताना भागानगरास, म्हणजे या हैदराबादेस आले आणि त्यांनी अबुल हसन कुत्बशहाची भेट घेतली. पुढे १६८७ मध्ये औरंगजेबाने आठ महिने वेढा घालून गोवळकोंडा घेतला. झाडाचे वय चारशे वर्षांहून अधिक धरतात. तसे असेल, तर या दोन्ही प्रसंगी ते येथे उभे होते. इतिहासाच्या तासाला मुलांना सनावळी पाठ करावयास सांगण्यापेक्षा, त्या काळचा जिवंत साक्षीदार एवढ्या जवळ आहे हे सांगितलेले बरे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू.

मांडूसारखी थोडी ठिकाणे सोडली, तर भारतात गोरखचिंच आपोआप वाढून पसरलेली फारशी दिसत नाही. असे का व्हावे? तिचे बीजावरण अतिशय कठीण असते. आफ्रिकेत हत्ती, माकडे व अन्य प्राणी फळे खातात, बी त्यांच्या पोटातून जाताना बीजावरण झिजते, आणि विष्ठेबरोबर दूरवर पडलेले ते बी पावसात रुजते. आपल्याकडे ही साखळी नाही. क्वचित एखादे बी रुजलेच, तर कोवळे रोप शेळीच्या तोंडी लागते, कारण त्याला काटा नाही आणि पाला गोड असतो. यावरून एक अनुमान सहज काढता येते. किल्ल्यांत, मठांत, दर्ग्यांजवळ जी जुनी गोरखचिंच आपण पाहतो, ती बहुधा कोणीतरी हाताने लावलेली व पहिली काही वर्षे हाताने राखलेली आहे. कर्नाटकात हावेरी जिल्ह्यातील सावनूर येथे मठाच्या आवारात तीन अवाढव्य झाडे जवळजवळ उभी आहेत. ती वाऱ्याने आलेली नाहीत.

हे लक्षात घेतले म्हणजे अलीकडे जे घडले त्याचे दुःख अधिक वाटते. २०२२ साली मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून जुनी गोरखचिंचेची झाडे यंत्राने उपटून, फांद्या छाटून, लांबलचक ट्रेलरवर घालून हैदराबादकडील एका खाजगी उद्यानासाठी नेली जाऊ लागली. ज्या आदिवासी कुटुंबांची या झाडांशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख होती, जी त्याची फळे बाजारात विकून दोन पैसे मिळवीत, त्या भागातील लोकांनी विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कायद्याच्या बाजू न्यायालये पाहतील. मी वनस्पतींपुरते बोलतो. शेकडो वर्षे एका जागी वाढलेल्या झाडाची मुळे किती दूर गेलेली असतात, याची कल्पना शेतकऱ्यांना देण्याची आवश्यकता नाही. उपटताना त्यांतील फारच थोडी बरोबर येतात. गोरखचिंचेच्या बुंध्यात पाण्याचा व अन्नाचा मोठा साठा असतो, आणि त्या साठ्यावर नव्या जागी पालवी फुटते. लोक टाळ्या वाजवितात. परंतु ती पालवी म्हणजे झाड जगल्याची खूण नव्हे. घरात साठविलेल्या धान्यावर काही महिने चूल पेटते, तसाच तो प्रकार आहे. मूळ धरले की नाही, हे कळावयास वर्षे लागतात. आणि झाड जगले असे धरले, तरी जेथून ते नेले त्या गावाने काय गमावले, याचा हिशेब कोणत्या वहीत लिहावयाचा?

आफ्रिकेतही या वृक्षांची स्थिती चिंताजनक आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीप्रमाणे, तेथील सर्वांत जुन्या १३ झाडांपैकी ९ झाडे, तसेच सर्वांत मोठ्या ६ पैकी ५ झाडे त्याआधीच्या बारा वर्षांत एकतर संपूर्ण मेली, नाही तर त्यांचे सर्वांत जुने खोड कोसळले. हवामानातील बदल हे कारण असावे, असा संशोधकांचा कयास आहे. अशा वेळी जुने झाड हलविणे हा शोभेचा मार्ग नव्हे. ज्याला गोरखचिंच पाहिजे, त्याने बी घ्यावे. ते काम घरच्या ओसरीवर होण्याजोगे आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

बी मिळवावयाचे ते फळातून. फळ दुधी भोपळ्यासारखे लांबट असते, वरून करड्या-हिरवट मखमली लवेचे, आतून लाकडासारख्या कवचाचे. हिवाळ्यात ती पिकून लोंबू लागतात. मांडूला रस्त्याच्या कडेला विक्रीस ठेवलेली आपल्याला मिळतील. फळ हलविले असता आत खुळखुळ वाजले, तर ते पूर्ण पिकले असे समजावे. दगडाने फोडले की आत पांढरा, खडूसारखा भुसभुशीत गर निघतो, आणि त्यात घेवड्याच्या बीच्या आकाराच्या काळपट तपकिरी बिया असतात. गर टाकू नये. पाण्यात कालवून, साखर व चिमूटभर मीठ घातल्यास उत्तम सरबत होते. त्यात क जीवनसत्त्व भरपूर असते. युरोपातील देशांनी २००८ साली या गराला खाद्य म्हणून मान्यता दिल्यापासून त्याचा तेथे मोठा व्यापार चालतो. आपल्याकडे फळे झाडाखाली कुजतात, हा भाग वेगळा.

बिया एक रात्र पाण्यात भिजवून हाताने चोळाव्यात, म्हणजे चिकटलेला गर व तंतू सुटतात. पाण्यावर तरंगणाऱ्या बिया पोकळ असण्याचा संभव असतो, त्या काढून टाकाव्यात. बाकीच्या सावलीत सुकवून, कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर तारीख लिहून ठेवाव्यात. वर्ष-दोन वर्षे त्यांना काहीही होत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. असे सुके बी तसेच मातीत टाकले, तर बहुतेक वेळा काहीच उगवत नाही, आणि मग बी खराब होते असा दोष विकणाऱ्याला दिला जातो. बी चांगले असते, परंतु पाणी आत शिरत नाही. हत्तीच्या पोटाचे काम आपल्याला घरी करावयाचे आहे. त्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली अशी. बियांना एक बारीक टोक असते, जेथे ती फळातील तंतूला चिकटलेली असते. ते टोक सोडून त्याच्या विरुद्ध बाजूस बी कानशीवर किंवा खडबडीत पॉलिश कागदावर हळूहळू घासावे. काळे आवरण जाऊन आतील फिकट रंग दिसू लागताच थांबावे. त्यापुढे घासल्यास गर्भाला इजा पोहोचते. असे घासलेले बी कोमट पाण्यात एक दिवस ठेवले की फुगून जवळजवळ दुप्पट होते. दुसरी रीत पाण्याची. पाण्याला उकळी आणून भांडे चुलीवरून खाली उतरवावे, ते पाणी वाटीतील बियांवर ओतावे आणि वाटी झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहू द्यावी. बिया चुलीवर शिजवू मात्र नयेत. ज्या फुगतील त्या लगेच पेराव्यात, न फुगलेल्यांना कानस लावावी. प्रयोगशाळांत यासाठी तीव्र गंधकाम्ल वापरतात, हे काही शिक्षकांनी वाचले असेल. शाळेत किंवा घरी तो प्रयोग कृपा करून कोणी करू नये. वीस बियांसाठी आम्लाची बाटली घरात आणण्याचे कारण नाही, कानस पुरेशी आहे.

फुगलेल्या बीवर बुळबुळीत थर येतो, तो धुऊन टाकावा, नाही तर बुरशी धरते.

मातीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हैदराबादच्या आसपासची जमीन ग्रॅनाइटच्या खडकापासून झालेली, तांबडी व वाळूमिश्रित आहे. तिच्यातून पाणी झटकन निघून जाते आणि गोरखचिंचेला ती मानवते. आपण ज्या भागातून आला आहात तेथे बहुतेक काळी कसदार जमीन आहे. कापसाला व ज्वारीला ती सोन्यासारखी, परंतु पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि या रोपाचे मूळ त्या चिखलात कुजते. तेव्हा कुंडीसाठी शेतातील काळी माती आणू नये. एक भाग नदीची जाडसर वाळू, एक भाग पोयटा किंवा तांबडी माती, आणि त्यांच्या निम्म्याने पूर्ण कुजलेले शेणखत, एवढे मिश्रण पुरे. खत कच्चे असेल तर न घातलेलेच बरे. कुंडी पसरट नको, खोल हवी, कारण रोप वर चार बोटे दिसते तेव्हा खाली सोटमूळ वीतभर गेलेले असते. कुंडी नसेल तर रोपवाटिकेतील उंच पिशवी चालेल, आणि पिशवीही नसेल तर जुना पत्र्याचा डबा घेऊन तळाला खिळ्याने पाचसहा भोके पाडावीत. तळाशी खापऱ्या व थोडा मुरूम घालावा.

पेरणी मे महिन्यात करावी. या बीला उष्णता हवी असते, आणि मेमध्ये उगवलेल्या रोपाला पुढे पावसाळ्याचे चार महिने वाढीस मिळतात. थंडीत पेरलेले बी मातीत नुसते पडून राहते. बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोलीवर बी आडवे ठेवून माती लोटावी, झारीने पाणी द्यावे, आणि कुंडी जेथे सकाळचे ऊन व दुपारी सावली मिळेल अशा जागी ठेवावी. माती ओलसर राहावी, चिंब नसावी. साधारणपणे एक ते चार आठवड्यांत अंकुर दिसतो. काही बिया आळशी असतात, त्या महिना-दीड महिन्याने वर येतात. म्हणून कुंडी उपसून पाहण्याची घाई करू नये. मुलांना ही घाई फार असते, आणि गुरुजींनाही.

अंकुर वर येताना कधी कधी बीजावरण टोपीसारखे बीजपत्रांवर अडकून बसते. ते ओढून काढल्यास पाने फाटतात. त्यावर दोन दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचा थेंब सोडला की नरम होऊन आपोआप गळते. दोन रुंद बीजपत्रांनंतर जी पहिली पाने येतात, ती साधी, एकेरी असतात. हे पाहून पुष्कळांना वाटते की आपली फसवणूक झाली व दुसरेच काहीतरी उगवले. तसे नसते. पुढे तीन बोटांचे पान येते, नंतर पाच, आणि वाढत्या वयाबरोबर सातही. एकाच रोपावर पानाचे हे बदल पाहावयास मिळतात. शाळेत या रोपाइतके चांगले साधन थोडे सापडेल. प्रत्येक नव्या पानाची आकृती तारखेसह वहीत काढावयास सांगितली, तर वर्षअखेर मुलाजवळ स्वतः पाहिलेल्याची नोंद असेल.

पहिल्या दोन महिन्यांत खरा धोका अतिपाण्याचा असतो. रोप मातीलगत काळे पडून कोलमडले, तर ते पाण्याच्या लोभाने मेले असे समजावे. पाणी सकाळी द्यावे आणि वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा देऊ नये. पावसाची झड लागली तर कुंडी ओसरीत घ्यावी. पानांखाली पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला, तर ओल्या फडक्याने पुसून काढावा व निंबोळीचा अर्क फवारावा. एवढ्याने भागते. पावसाळ्यानंतर रोपाला पूर्ण उन्हाची सवय करावी. ही दिवाणखान्यात ठेवण्याची वनस्पती नव्हे.

आता जी गोष्ट मी सांगणार आहे, ती सर्वांनी लक्षपूर्वक ऐकावी, कारण माझ्या पाहण्यात बियांपासून केलेली जितकी रोपे पावसाने व शेळ्यांनी गेली असतील, त्याहून अधिक या एका कारणाने गेली. कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास गोरखचिंचेची पाने पिवळी होऊन गळू लागतात. पौषात कुंडीत नुसती काडी उरते. घरातील माणसे घाबरून पाणी वाढवितात. झोपलेल्या रोपाला ते पाणी नको असते. मूळ कुजते आणि मग खरोखरच रोप मरते. दुसरी मंडळी काडी वाळली समजून उपटून उकिरड्यावर टाकतात. एका शाळेत नाताळच्या सुट्टीनंतर झाडलोट करणाऱ्या गड्याने अशी सगळी रोपे फेकून दिली. त्याला कोणी सांगितलेच नव्हते, तेव्हा त्याचा काय दोष? झाड निद्रेत आहे, मेलेले नाही, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. नखाने सालीवर किंचित ओरखडा काढावा. आत हिरवे दिसले तर ते जिवंत आहे. पानगळीपासून नवी पालवी येईपर्यंत पाणी जवळजवळ बंद ठेवावे. महिन्यातून एकदा, तेही पेलाभर, पुरेसे असते. उन्हाळ्याच्या अखेरीस, वळवाच्या एखाद्या सरीनंतर, काडीच्या टोकाला हिरवी कोंबे फुटतात. त्या दिवसापासून पाणी पुन्हा सुरू करावे. कुंडीवर 'झोपले आहे, उपटू नये' अशी पाटी लावून ठेवावी, असे मी शिक्षकांना सुचवितो.

दोन पावसाळे काढले की बुंध्याचा तळ फुगलेला दिसू लागतो. कुंडीतच ठेवावयाचे असेल तर दर दोन-तीन वर्षांनी, पालवी फुटण्यापूर्वी, रोप काढून लांब मुळे छाटावीत व माती बदलावी. अशा रीतीने कुंडीतील गोरखचिंच कित्येक वर्षे लहान व सुबक ठेवता येते, आणि मोठ्या वृक्षाचा तो गजासारखा आकार हातभर उंचीत दिसतो. हैदराबाद-मुंबईच्या रोपवाटिकांत अशी रोपे शोभेसाठी भारी किमतीला विकतात. आपल्या घरी ती मूठभर वाळूमातीत तयार होतात.

जमिनीत लावणार असाल तर जागा निवडताना शंभर वर्षांनंतरचे डोळे लावून पाहावे. घराची भिंत, विहीर, शाळेची इमारत व विजेच्या तारा यांपासून दहा मीटर तरी दूर असावे. रस्त्याच्या हद्दीत लावू नये. रस्ता आज ना उद्या रुंद होणारच, आणि मग जुन्या झाडावर कुऱ्हाड पडते, हे मुंबईसारख्या शहरांत वारंवार घडले आहे. गावठाणातील उंचवटा, माळरानाचा मुरमाड कोपरा, देवस्थानाची मोकळी जागा या गोष्टी योग्य. काळ्या जमिनीत लावणे भाग असेल तर मुरूम व वाळू घालून दीड-दोन फूट उंचीचा मोठा गड्डा करावा आणि त्याच्या माथ्यावर रोप लावावे, म्हणजे पावसाचे पाणी मुळाशी साचणार नाही. जूनच्या अखेरीस, दोन चांगले पाऊस झाल्यावर, मुळाभोवतीची माती न फोडता लावणी करावी. काटेरी कुंपण पहिल्याच दिवशी हवे. 'उद्या करू' म्हटले की शेळी आजच येते. झाड माणसाच्या उंचीपलीकडे जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षे, ते कुंपण दरसाल नीट करावे लागेल.

अधिकारी मंडळींना माझी एक विनंती आहे. या झाडाचा समावेश वृक्षलागवडीच्या लक्ष्यांकात करू नये. ती परदेशातून आलेली पाहुणी आहे. आपल्या माळांवर व जंगलांत प्रथम वड, पिंपळ, लिंब, बाभूळ व पळस पाहिजेत. तिच्यापासून इमारती लाकूड मिळत नाही, कारण खोड स्पंजासारखे मऊ व तंतुमय असते, आणि सरपण म्हणूनही ते निरुपयोगी आहे. माझा तर असा समज आहे की, या निरुपयोगीपणामुळेच ती शेकडो वर्षे कुऱ्हाडीपासून वाचली. तेव्हा हजारोंच्या संख्येने रोपे वाटून त्यांतली किती जगली याचे तक्ते भरण्यापेक्षा, एका गावात एक-दोन झाडे, ज्यांना नावानिशी राखणारे घर किंवा शाळा आहे अशी, एवढेच पुरे. मात्र जेथे जुनी गोरखचिंच उभी आहे, तेथे तिची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात आजच करून ठेवावी. घेर मोजावा, छायाचित्र काढावे, जागा कोणाची ते लिहावे. जिची नोंद नाही, ती उपटून नेली तरी तक्रार कशाच्या आधारे करणार?

एक-दोन झाडे मी मुद्दाम म्हणालो. गोरखचिंचेला फुले येण्यास बियांपासून पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. फूल पांढरे, तळहाताएवढे, लांब देठावर खाली लोंबणारे. ते संध्याकाळी उमलते आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी होऊन गळते. त्याचा वास आपल्याला विशेष आवडत नाही, परंतु तो आपल्यासाठी नाहीच. रात्री वटवाघळे मधासाठी येतात आणि पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. एकट्या झाडाला स्वतःच्या परागाने फळ क्वचितच धरते. कित्येक ठिकाणची जुनी, एकाकी झाडे दरवर्षी फुलतात आणि फळाविना राहतात, त्याचे कारण हेच. म्हणून शेजारच्या दोन गावांनी मिळून लावणी करावी, आणि दोन्हीकडची रोपे एकाच फळातील नसून वेगवेगळ्या झाडांच्या बियांची असावीत. वटवाघूळ एका रात्रीत काही कोस सहज जाते, त्याला शिवेची अडचण नाही. मात्र वाटेतल्या चिंचेवर त्यांची वस्ती असेल तर ती अपशकुनी म्हणून फटाके लावून हाकलू नये.

बियांच्या पुड्या बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. मांडूच्या बाजारात घेतलेल्या, दोन निरनिराळ्या झाडांच्या फळांतील त्या आहेत. तांबडा दोरा बांधलेल्या पुड्या एका झाडाच्या, पांढरा दोरा बांधलेल्या दुसऱ्याच्या. प्रत्येक पुडीत दहा बिया आहेत. शेजारच्या गावांतील मंडळींनी आपसांत विचारून एकाने तांबडी व एकाने पांढरी घ्यावी, आणि पुडी नेताना शेजारच्या वहीत गावाचे व तालुक्याचे नाव लिहावे. पेरणीला मे महिना येईपर्यंत अवकाश आहे. तोवर घरात कानस नसेल तर ती तेवढी मिळवून ठेवा.